चेंडूची चतुःसीमा

गुरुवार, ९ नोव्हेंबर १९९५. सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी मी घाटनांदूरच्या बाजारपेठेतल्या शिवलिंगप्पांच्या दुकानात गेलो आणि "पेग बार आहे का?" असं विचारलं. त्या वेळी दुकानात पाच गिऱ्हाइकं होती.

घडलं ते एवढंच. मी आत शिरताना चौकटीला धरलं होतं, हे गावानं नंतर घातलेलं आहे. चौकटीला मी रोजच धरतो. शिवलिंगप्पांच्या दुकानाची पायरी उंच आहे.

मी एका जिल्हा दैनिकाचा घाटनांदूर वार्ताहर. सव्वा महिन्यापूर्वीच एसटी थांब्यामागच्या देशी दारूच्या दुकानावर माझी तीन भागांची मालिका छापून आली होती. पहिल्या भागाचं शीर्षक 'घाटनांदूर झिंगतंय' असं होतं. ते मी दिलेलं नव्हतं. शीर्षकं मुख्य कार्यालयात देतात. पण शीर्षकाखाली नाव माझंच होतं आणि गाव शीर्षक विसरलेलं नव्हतं.

शिवलिंगप्पांनी हातातलं माप खाली ठेवलं. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, दुकानात विडीसुद्धा ठेवत नाहीत असा माणूस.

"संगमेश्वरा," ते म्हणाले, "तुझा बाप माझ्या दुकानात चहा बी घेत नव्हता. अन् तू सकाळच्या दहाला पेग मागतूस?"

"अप्पा, पिण्याचा नाही. चित्रं काढायचा."

"आता चित्रं काढायला बी पेग लागतो का?"

"कलाकार लोकं हायती," तेल घ्यायला आलेला एकजण म्हणाला. "लागत असंल."

मी खिशातून यादी काढून दाखवली. यादी इंग्रजीत होती, त्यामुळे उपयोग झाला नाही. दुसऱ्या ओळीतला 'बार' हा शब्द मात्र पाचांपैकी दोघांना वाचता आला.

यादी माझी नव्हती, माझ्या बायकोची होती. महानंदानं चित्रकलेची पदविका घेतलेली आहे. पदविका घेतली त्या वर्षापासून शाळांमध्ये चित्रकलेची जागा निघालेली नाही, म्हणून ती नऊ वर्षं गावातल्या पोरींना रांगोळी शिकवते आणि लग्नाच्या भिंतींवर गणपती काढते. टीव्हीवर केबलची चॅनेलं आली, त्यांच्यावर दिवसभर कार्टून आली, आणि ती कार्टून आता आपल्याकडेच हातानं काढून घ्यायची म्हणून पुण्यात एक प्रशिक्षण संस्था निघाली. जाहिरात आमच्याच पेपरात होती. मी ती वाचली नव्हती. वार्ताहर आपल्या पेपरात स्वतःची बातमी शोधतो, बाकी काही वाचत नाही. महानंदानं वाचली. सहा महिन्यांचं शिक्षण, राहण्याची सोय, पुढं काम. अट एक: उसळणाऱ्या चेंडूची चोवीस चित्रं काढून ३० नोव्हेंबरपर्यंत पोचवायची. वयोमर्यादा बत्तीस. महानंदाला एप्रिलमध्ये बत्तीस पूर्ण होणार होती आणि संस्थेचा यानंतरचा वर्ग जूनमध्ये. म्हणजे हीच खेप.

संस्थेनं साहित्याची यादी पाठवली. लाइट बॉक्स, पेग बार, टंकलेखनाचा कोरा कागद, निळी पेन्सिल, स्टॉपवॉच. खाली ठळक अक्षरात एक सूचना: सर्व चित्रं रीतसर 'रजिस्टर्ड' असावीत, रजिस्टर्ड नसलेल्या चित्रांचा विचार होणार नाही.

"एवढी यादी तेवढी आणून द्या," महानंदा म्हणाली. "बाकी मी बघते."

मी होकार दिला. यादी म्हणजे नेमकेपणाचं काम, आणि नेमकेपणा हा माझा व्यवसाय आहे. आमच्या पेपरात एक नियम आहे: कोणतीही गोष्ट दोन ठिकाणांहून पक्की झाल्याशिवाय छापायची नाही. या प्रकरणात जे काही झालं ते या नियमाचं पालन केल्यामुळे झालं.

पेग बार म्हणजे काय हे विचारायला मी एसटीडी बूथवरून पुण्याला चार वेळा फोन लावला. संबंधितांशी संपर्क होऊ शकला नाही.

दरम्यान पेग बारची बातमी आमच्या गल्लीत माझ्या आधी पोचली होती. दुपारी अर्जुनराव आले. अर्जुनराव आमचे शेजारी आणि पंचायत समितीचे माजी सदस्य. तालुक्यात असं एक कार्यालय नाही की ज्याच्या बाकावर ते बसलेले नाहीत. ते खुर्चीत बसले, माझ्या तोंडाजवळ जरा वाकले, वास घेतला आणि समाधानानं मागं टेकले.

"मी म्हणलंच, पत्रकार तसला न्हाई. लोकं उगं बोलतेत. बरं, दुसरं काय लागतंय?"

"लाइट बॉक्स."

"ते अप्पाकडंच भेटंल की."

खरंच मिळाला. शिवलिंगप्पांनी सकाळचं बोलणं मनाला लागलं असेल म्हणून स्वतः पाठवून दिला. लाकडी, वार्निश केलेला, पुढं काचेचं दार, आत फ्यूज बसवायची जागा. आमच्याकडं लाइट म्हणजे वीज आणि लाइटचा बॉक्स म्हणजे मीटरचा डबा. तो मी अंगणात भिंतीला टेकवून ठेवला. दुसऱ्या दिवशी वायरमननं रस्त्यावरून तो पाहिला आणि नवीन जोडणीचा अर्ज कधी केला ते विचारायला आत आला. अर्ज केलेला नाही, असं मी सांगितलं. मग तसं लेखी द्या, म्हणाला. मी लेखी दिलं. न केलेला अर्ज मागं घेण्याचा नमुना नसल्यामुळे तो कागद कुठं लावायचा हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

लाइट बॉक्स म्हणजे खालून उजेड येणारी काच, हे महानंदाला ठाऊक होतं. तिनं मला विचारलं नाही. शनिवारी मी वार्तांकनासाठी चौसाळ्याला गेलो होतो, संध्याकाळी येऊन पाहतो तर भिंतीवरचं माझं 'उत्कृष्ट ग्रामीण वार्ताहर, १९९१' हे प्रमाणपत्र चौकटीत नुसतंच उभं. काच नाही. काच उंबऱ्याजवळ दोन विटांवर आडवी ठेवलेली, खाली माझा दाढीचा आरसा तिरपा लावलेला. दारातलं ऊन आरशावर पडून खालून काचेत येत होतं. वर ठेवलेल्या कागदातून खालच्या कागदाची रेघ स्वच्छ दिसत होती.

"त्या काचेला ओरखडा न्हाई," महानंदा म्हणाली. "घरात तेवढीच होती तशी."

प्रमाणपत्रावर आता धूळ बसणार होती. दाढी त्या महिन्यात अंदाजानंच केली.

कागद अप्पांकडं मिळाला. निळी पेन्सिल माझ्याकडंच होती. अर्धी लाल, अर्धी निळी, जिनं बातम्या कापतात ती. स्टॉपवॉच शाळेच्या खेळाच्या सरांनी दिलं. राहिला पेग बार.

त्यावाचून चित्रं बिघडत होती. महानंदा कागदावर कागद ठेवून चेंडू काढायची, गठ्ठा हातात धरून भरभर उलटायची, आणि चेंडू खाली येताना थंडी वाजल्यासारखा थरथरायचा. कागद केसभर सरकला तरी चेंडू हलतो. टाचण्या लावून पाहिल्या, भाकरीच्या पिठाची खळ लावून पाहिली. तीन दिवसांत चाळीस कागद गेले.

"कागद एका जाग्यावर बसायला पायजे," ती म्हणाली. "बस. दुसरं काही न्हाई."

मला मात्र खालच्या ठळक सूचनेची काळजी होती. रजिस्टर्ड. मी अर्जुनरावांना विचारलं.

"सरळ हाय की," ते म्हणाले. "रजिस्टर्ड म्हणजे रजिस्ट्री. रान असो का चित्र असो. आता समदं खुलं झालंय पत्रकार, भायेरच्या कंपन्या येऊ लागल्यात. उद्या कुणी म्हणलं हा चेंडू आमचाय, तर तुमच्यापशी कागूद काय हाय?"

शिवलिंगप्पांना विचारलं. तेही रजिस्ट्रीच म्हणाले. दोन ठिकाणांहून पक्कं झालं.

मंगळवार, १४ तारखेला मी तीन कागद घेऊन तालुक्याच्या निबंधक कार्यालयात गेलो. फाटकाशी लिंबाखाली दस्तलेखक बसतात. त्यांतल्या एकानं माझं म्हणणं ऐकून घेतलं, कोरा कागद पुढं ओढला आणि विचारलं, "मिळकतीचं वर्णन?"

"चेंडू."

"किती?"

"एक. पण चोवीस वेळा."

त्यानं ते लिहिलं. या माणसाची मला आजही कमाल वाटते. "चतुःसीमा सांगा. पूर्वेला काय?"

मी चित्र पाहिलं. "कोरा कागद."

"पश्चिमेला?"

"कोरा कागद."

"दक्षिणेला?"

"जमिनीची रेघ."

"रेघ कुणाच्या मालकीची?"

इथं माझ्या लक्षात आलं की काहीतरी चुकतंय. मी उठून सरळ आत गेलो. आत अभिलेख सांभाळणारे रामहरी म्हणून कारकून होते, जमिनीवर मांडी घालून जुने दस्त शिवत होते. त्यांनी मान वर न करता सांगितलं की जमीन, घर, झाड, विहीर यांची नोंद होते, चेंडूची होत नाही. विषय संपला. पण बस साडेतीनला होती, म्हणून मी तिथंच बाकावर बसून राहिलो.

रामहरींसमोर सागवानाची एक पट्टी होती, हातभर लांब. तिच्यात दोन खिळे उलटे ठोकलेले, टोकं गोल घासलेली. प्रत्येक कागदाला दाभणानं दोन भोकं पाडायची, ती त्या खिळ्यांत बसवायची, गठ्ठा सारखा झाला की दोरा ओवायचा.

"पट्टी कशाला?" मी आपलं विचारायचं म्हणून विचारलं.

"हिच्याबिगर पान सरकतंय," रामहरी म्हणाले. "एक पान सरकलं की फुडचं पान त्याला वळखत न्हाई."

घरी आल्यावर मी चतुःसीमेचा किस्सा महानंदाला सांगितला. ती भाकरी थापत होती, हसली. मग गंमत म्हणून रामहरींचं वाक्य सांगितलं. तिचे हात थांबले.

"ती पट्टी कशी होती?"

"लाकडाची. दोन खिळे—"

"भोकं कागदाच्या खालच्या अंगाला का वरच्या?"

मी पाच दिवस गावात बदनाम होऊन जो पेग बार शोधत होतो, तो समोर ठेवून मी दीड तास बसची वाट पाहिली होती. महानंदानं तव्यावरची भाकरी उलटली आणि उद्याच्या उद्या तशी पट्टी करून आणायला सांगितलं. म्हाळू सुतारानं ती केली, फक्त खिळे का घासायचे ते त्याला तीनदा सांगावं लागलं.

त्यानंतर चेंडू थरथरला नाही. दहा ते साडेतीन, ऊन असेल तोवर महानंदा उंबऱ्यात बसायची. नऊ दिवस. मी येताजाता तिला ओलांडून जायचो. चेंडू वरून येतो, जमिनीवर आपटताना जरा चपटा होतो, वर जाताना लांबट होतो, आणि अगदी वर पोचल्यावर क्षणभर रेंगाळतो. तो रेंगाळतो तिथं तिनं सहा चित्रं फाडून सातव्यांदा काढलं. गठ्ठा उलटला की कागदावर खरोखर काहीतरी पडत होतं. मी जमिनीकडं पाहिलं, हे कबूल करतो.

"रजिस्टर म्हंजे हेच असंल," ती एकदा पट्टीवर बोट ठेवून म्हणाली. "कागद एकावर एक बसले की झालं रजिस्टर."

ही शक्यता मी नोंदवून घेतली. पण ती एकाच ठिकाणाहून आलेली होती.

शनिवार, २५ नोव्हेंबर. सकाळी सव्वादहाला महानंदानं चोवीस चित्रांचा गठ्ठा माझ्याकडं पोस्टात टाकायला दिला. मी पोस्टाकडं निघालो. वाटेत अर्जुनराव भेटले.

"रजिस्ट्री झाली का?"

"होत नाही म्हणाले."

"मग निदान साक्षांकन करा. गोल शिक्का असल्याबिगर पुण्याला कोण इचारतंय?"

गोल शिक्का असलेला राजपत्रित अधिकारी आमच्या गावात एकच: गुरांच्या दवाखान्याचे डॉक्टर बद्रीनाथ. आसपासच्या चार गावांच्या गुणपत्रिका त्यांच्याच सहीनं खऱ्या ठरतात. मी गेलो तेव्हा बाहेर एक म्हैस बांधलेली होती आणि तिचा मालक जिवाच्या घाईत होता. डॉक्टरांनी गठ्ठा घेतला.

"मूळ प्रत कोणती?"

"सगळ्याच मूळ आहेत."

"चोवीसच्या चोवीस? चित्र एकच हाय की."

"एकच नाही. थोडा थोडा फरक आहे."

"फरक हाय म्हणजे नक्कल बरोबर न्हाई." त्यांनी पहिल्यावर दुसरं ठेवून खिडकीच्या उजेडात धरलं. "हे बघा. हितं चेंडू खाली आलाय. ह्याच्यावर मी सत्यप्रत कावून लिहू?"

"साहेब, तो यायलाच पाहिजे."

"अन् हा नववा? हा तर चपटा झालाय."

"आपटलाय तो."

डॉक्टरांनी नवव्या चेंडूकडं धंद्याच्या नजरेनं पाहिलं. मग दहावा काढला. "इथं पोटफुगी उतरलीय. बाराव्याला बरा हाय."

"डॉक्टर, म्हस उभी हाय," बाहेरून आवाज आला.

शेवटी तडजोड झाली. सत्यप्रत नाही, नुसतं 'पाहिले' आणि गोल शिक्का. चेंडूवर शिक्का पडू देऊ नका, असं मी त्यांना बजावून सांगितलं. ही दक्षता मी घेतली होती. त्यांनीही पाळली. चेंडू वर असेल तिथं शिक्का खाली, चेंडू खाली असेल तिथं शिक्का वर. मध्ये शाई संपली की शिक्का फिका पडायचा, मग पॅडवर दाबला की पुन्हा गडद. चोवीस शिक्के झाले. मी साडेअकराला घरी परतलो. पोस्ट एकपर्यंत उघडं होतं आणि महानंदानं हे पाहावं असं मला वाटलं.

तिनं पाहिलं. पहिलं चित्र, दुसरं, तिसरं. मग गठ्ठा डाव्या हातात धरून अंगठ्यानं उलटला. चेंडू खाली आला, आणि जांभळा शिक्का वर गेला. चेंडू वर गेला, शिक्का खाली आला.

तिनं गठ्ठा मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "मी यादी आणा म्हणले होते. चित्रांना हात लावा म्हणले न्हवते."

रजिस्ट्रीबद्दल मी दोन ठिकाणांहून खातरजमा केल्याचं सांगितलं.

"नऊ दिवस मी उन्हात बसले," ती म्हणाली. "एकदा मला इचारलं असतं."

पुन्हा काढायला नऊ दिवस लागले असते आणि मुदतीला पाच होते. तिनं गठ्ठा पुन्हा उलटला. आणखी एकदा. तिसऱ्यांदा उलटताना ती चेंडूकडं पाहत नव्हती. मग तिनं पाकीट बंद केलं, पदर खोचला आणि स्वतः पोस्टात गेली. जाताना मला सोबत घेतलं नाही.

गुरुवार, १८ जानेवारी १९९६ रोजी पुण्याहून पत्र आलं. इंग्रजीत, तीन वाक्यं. चेंडूचं काम समाधानकारक आहे. कागदावरच्या दुसऱ्या, जांभळ्या गोल वस्तूचं काम वेधक असून तिची चाल चेंडूच्या विरुद्ध ठेवण्यामागचा विचार कळवावा. ही दुसरी वस्तू अर्जदारानंच काढल्याची खात्री द्यावी. तोवर निवड राखून ठेवण्यात येत आहे.

पत्र गावभर झालं. त्याचं कारण मी नाही; पोस्टमन आहे.

"लिवून टाका, म्याच काढली म्हणून," अर्जुनराव महानंदाला म्हणाले. "शिक्का काय बोलायला जाणाराय?"

"खोटं लिहू नको पोरी," शिवलिंगप्पा म्हणाले. "पण समदंच खरं लिहायला त्यांनी कुठं सांगितलंय?"

डॉक्टर बद्रीनाथ प्रथमच आमच्या घरी आले. पत्र त्यांनी दोनदा वाचलं. "म्हणजे चाल माझी हाय," ते म्हणाले. मग पत्राची झेरॉक्स मागून घेतली, तिच्यावर सत्यप्रत असं लिहून शिक्का मारला आणि ती स्वतःच घेऊन गेले.

मी महानंदाला मसुदा करून देऊ का, असं विचारलं.

"नको," ती म्हणाली. "तुमचं जांभळ्या शाईचं पॅड तेवढं द्या."

माझ्याकडं जांभळं नव्हतं. अप्पांच्या दुकानातून आणून दिलं. या वेळी दुकानात दोनच गिऱ्हाइकं होती. २२ ते २७ जानेवारी ती पुन्हा उंबऱ्यात बसली. ती काय करत होती ते मी ओलांडताना पाहिलं नाही. तिनं तसं सांगितलं होतं. नोंदवण्याजोगं एवढंच, की त्या आठवड्यात तिच्या कुंकवाच्या करंड्याचं गोल झाकण जांभळं झालं होतं.

सोमवार, २९ जानेवारीला तिनं उत्तर रजिस्टर्ड टपालानं पाठवलं. पाकीट जाड होतं, नुसत्या पत्राचं नव्हतं. आत काय लिहिलं, असं मी एकदाच विचारलं.

"शिक्का डॉक्टरांचा होता, ते लिहिलं," ती म्हणाली. "अन् पुढचं माझं हाय, ते बी."

८ फेब्रुवारीला पोचपावती परत आली. सही वाचता येत नाही. मी बूथवरून पुण्याला तीन वेळा फोन लावला, संबंधितांशी संपर्क होऊ शकला नाही. आज, शुक्रवार, १६ फेब्रुवारी, दुपारी चार वाजेपर्यंत उत्तर आलेलं नाही. काच अजून उंबऱ्यातच आहे. ऊन आता साडेनऊलाच दारात येतं.